आपण 'डिड नॉट वेन्ट' का म्हणतो?

गेली काही वर्षं मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. शिवणकाम करणाऱ्या ताई, दुकानात कामाला असलेली मुलं, पालकसभेत गप्प बसून राहावं लागतं म्हणून आलेल्या आया, परदेशातल्या नातीशी बोलायचंय म्हणून आलेले एक काका. बहुतेक जण शाळेत व्याकरण शिकलेले आहेत. काहींना बारा काळांचा तक्ता आजही तोंडपाठ आहे. तरी पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आय डिड नॉट वेन्ट.'

मी विचारते, 'डिड आलं की पुढे क्रियापदाचं कुठलं रूप?' उत्तर तयार असतं. 'मूळ रूप, मॅडम. गो.' म्हणजे नियम माहीत आहे. मग बोलताना 'वेन्ट' आलं कुठून?

मराठीतून आलं. 'मी गेले नाही' या वाक्यात 'गेले' हे भूतकाळाचं रूप आहे आणि त्याच्यापुढे 'नाही' आहे. आपलं मन 'गेले'च्या जागी 'वेन्ट' बसवतं, 'नाही'च्या जागी 'डिड नॉट' बसवतं, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडतं. मराठीच्या नियमाने पाहिलं तर त्यात काहीच बिघडलेलं नाही.

हे आधी सांगते, कारण असल्या चुकांपायी चांगली हुशार माणसं स्वतःला मठ्ठ समजायला लागतात आणि बोलायचंच सोडून देतात. एडिंबरा विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक लेख लिहिला. त्यांनी चुकांचे दोन प्रकार वेगळे केले. एक चूक घाईत, दमल्यामुळे, लक्ष उडाल्यामुळे होते. ती बोलणाऱ्याला स्वतःलाच कळते आणि सुधारताही येते. दुसरी चूक पुन्हा पुन्हा, त्याच पद्धतीने होते. तिच्यावरून शिकणाऱ्याच्या डोक्यात सध्या कोणता नियम चालू आहे ते समजतं. म्हणजे ती चूक नुसती खोडून टाकण्याची गोष्ट नव्हे, ती वाचायची असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीची पिढी ते पाचवीत शिकायला लागायची. माझ्या वर्गात दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी बसतात आणि दोघींच्या चुका बऱ्याच अंशी सारख्याच निघतात, कारण दोघींची मराठी एकच आहे. म्हणून मी सराव सगळीकडे सारखा वाटत नाही. मराठी आणि इंग्रजी जिथे एकाच वाटेने जातात तिथे फार वेळ घालवायची गरज नसते. जिथे वाट फुटते तिथे मात्र ठाण मांडून बसावं लागतं.

(इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत लिहिली आहेत. ती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. बोलताना व्याकरण कामी यायला हवं असेल तर ते कानातून आत जायला हवं.)

ओझं कुणी उचलायचं?

'तू जातोस.' याचं नकारार्थी वाक्य करा: 'तू जात नाहीस.' शेवटचा 'स' कुठे गेला ते पाहा. 'जातोस'मधून सुटला आणि 'नाही'ला जाऊन चिकटला. 'ते जातात', 'ते जात नाहीत.' इथेही शेवटचा 'त' पुढे सरकला आणि मागे नुसतं 'जात' उरलं. 'तो जातो' आणि 'ती जाते' यांच्यातला फरकसुद्धा 'जात नाही' म्हटल्यावर पुसला जातो.

'ही गोज'चं 'ही डझ नॉट गो' होताना हेच घडतं. 'गो'ला लागलेला 'स' सुटतो, 'डू'ला जाऊन लागतो आणि 'डू'चा 'डझ' होतो. 'गो' रिकामा राहतो. म्हणून 'ही डझ नॉट गोज' हे वाक्य 'तू जातोस नाहीस' असं म्हणण्यासारखं आहे. वर्गात मी हे मराठी वाक्य मुद्दाम मोठ्याने म्हणते. सगळ्यांच्या कानाला ते खटकतं. तीच खटक मग 'डझ नॉट गोज'लाही जाणवू लागते.

भूतकाळात मात्र मराठी आपली साथ सोडते. 'ते गेले नाहीत' या वाक्यात 'गेले' अनेकवचनी आहे आणि 'नाहीत'ही अनेकवचनी आहे. ओझं दोघांनी मिळून उचललंय, आणि भूतकाळ 'गेले'कडेच राहिलाय. इंग्रजी तसं करत नाही. वर्तमानकाळातली रीत ती भूतकाळातही चालू ठेवते. काळाची खूण 'डू'ने उचलली, त्याचा 'डिड' झाला, 'गो' मोकळा झाला: 'दे डिड नॉट गो.' प्रश्नातही तसंच, फक्त 'डिड' कर्त्याच्या आधी येऊन उभा राहतो: 'डिड दे गो?' वाक्यात आधीच 'इज', 'आर', 'कॅन', 'विल' यांच्यापैकी कुणी असेल तर 'डू'ला बोलवावं लागत नाही. तो शब्दच पुढे येतो: 'इज शी अॅट होम?', 'कॅन यू कम?'

इंग्रजीत 'डू'ची ही सक्ती पहिल्यापासून नव्हती. शेक्सपिअरच्या काळात 'आय नो नॉट' असंही सर्रास म्हणत. पुढे 'डू' रुळला आणि आज त्याच्याशिवाय चालत नाही.

याचा सराव एका वाक्यावर करता येतो. स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य घ्यायचं आणि त्याची चार रूपं एका दमात म्हणायची. वर्गातल्या एका ताईंनी त्यांच्या मुलीबद्दलचं वाक्य घेतलं:

'शी वर्क्स इन अ बँक.'
'शी डझन्ट वर्क इन अ बँक.'
'डझ शी वर्क इन अ बँक?'
'व्हेअर डझ शी वर्क?'

मग हेच चौघं भूतकाळात: 'वर्क्ड', 'डिडन्ट वर्क', 'डिड शी वर्क', 'व्हेअर डिड शी वर्क'. एका वाक्याची आठ झाली. त्यात 'स' कुठून कुठे सरकतो ते बोटाने दाखवायचं. रोज एक नवं वाक्य, दहा मिनिटं. पंधरा-वीस दिवसांत जीभ आपसूक वळायला लागते असा माझा अनुभव आहे. नुसत्या गाळलेल्या जागा भरून हे होत नाही. गाळलेली जागा आधीच सांगून टाकते, की नियम इथे लावायचाय. बोलताना ते कुणी सांगत नाही.

प्रश्नाबद्दल एक गोष्ट राहिली. एकदा 'व्हेअर डझ ही लिव्ह' अंगवळणी पडलं की माणसं 'टेल मी व्हेअर डझ ही लिव्ह' असंही म्हणू लागतात. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो साध्या वाक्यासारखाच चालतो: 'टेल मी व्हेअर ही लिव्ज.' 'डझ' निघून गेला आणि 'स' आपल्या मूळ घरी परत आला.

एकटा 'स'

मराठी क्रियापद किती रूपं बदलतं ते मोजून पाहा: जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातं, जातात. भूतकाळात तर ते कधी कर्त्याचं ऐकतं, कधी कर्माचं. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली'. राम तोच, पण क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या लिंगावर चाललंय. हे सगळं आपण तीन-चार वर्षांचे असताना कुणी न शिकवता सांभाळलंय. त्या मानाने इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात उरला आहे एक 'स', तोही फक्त तृतीय पुरुषी एकवचनात.

इतका एकटा असल्यामुळेच तो निसटतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन लहान इंग्रजीभाषक मुलांचं बोलणं दीर्घकाळ टिपून १९७३ साली प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं, की 'प्लेइंग'मधला 'इंग' मुलं लवकर उचलतात आणि 'प्लेज'मधला हा 'स' बराच उशिरा. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाही जो उशिरा येतो, तो तुम्हाला महिन्याभरात आला नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

एक सोपी खूण मी देते. 'द गर्ल सिंग्ज', 'द गर्ल्स सिंग'. साध्या नामांच्या बाबतीत कर्ता आणि क्रियापद यांच्यात मिळून 'स' एकच. कर्त्याने घेतला तर क्रियापदाला नाही, क्रियापदाने घेतला तर कर्त्याला नाही. 'चिल्ड्रन', 'पीपल' हे शब्द 'स' न घेताच अनेकवचनी आहेत, तेव्हा तिथे दोघांनाही नाही: 'चिल्ड्रन सिंग'.

मराठी घरांतली आणखी एक अडचण इथेच येते. आपण वडीलधाऱ्यांना आदरार्थी अनेकवचन लावतो, 'आजोबा आले', 'सर म्हणाले'. त्यामुळे 'माय ग्रँडफादर लिव्ह इन सातारा. दे आर फार्मर' असं येतं. इंग्रजीत आजोबांनाही 'ही'च म्हणायचं आणि 'लिव्ज'च म्हणायचं. सुरुवातीला जीभ अडखळते. त्यात आजोबांचा अपमान नाही, हे मला वर्गात खरंच समजावून सांगावं लागतं.

आटपाट नगराचा राजा

आर्टिकलं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मराठीत आर्टिकल नाही असं आपल्याला शिकवलेलं असतं. ते खरं आहे. पण आर्टिकल जे काम करतं ते काम मराठीतही होतं, वेगळ्या हत्यारांनी.

आपल्या कहाण्यांची सुरुवात आठवा. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा राजा आला तेव्हा तो 'एक राजा' होता, कारण ऐकणाऱ्याला तो अजून माहीत नाही. दुसऱ्यांदा तो 'तो राजा' झाला. इंग्रजीत पहिला 'अ किंग', दुसरा 'द किंग'. 'अ' आणि 'अॅन' हे मुळात 'एक' अशाच अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचे झिजलेले अवशेष आहेत, आणि 'द' हा 'तो, ती, ते' दाखवणाऱ्या शब्दातून आला आहे. फरक इतकाच, की मराठीत दुसऱ्यांदा नुसतं 'राजाला दोन राण्या होत्या' म्हटलं तरी चालतं. इंग्रजीत ती जागा रिकामी ठेवता येत नाही. आपल्याकडून 'द' गळतो तो या सवयीने.

याहून बारीक खूण आपल्या 'ला' प्रत्ययात दडलेली आहे. 'डॉक्टर बोलवा' आणि 'डॉक्टरांना बोलवा' यांत काय फरक आहे? पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात आपले, ठरलेले, दोघांनाही माहीत असलेले डॉक्टर. पहिलं 'कॉल अ डॉक्टर', दुसरं 'कॉल द डॉक्टर'. 'मुलगी बघायला गेले' आणि 'मुलीला बघायला गेले' हेही असंच. पहिल्यात लग्नासाठी स्थळ बघणं आहे, दुसऱ्यात एक ठरावीक मुलगी, कदाचित दवाखान्यात असलेली. हा भेद कुठल्याही मराठी माणसाला विचार न करता कळतो. म्हणजे आर्टिकलामागचा विचार आपल्याकडे आहेच. त्याला दरवेळी शब्द द्यायची सवय तेवढी लावायची आहे. नामाच्या आधी क्षणभर थांबून विचारायचं: कोणता ते ऐकणाऱ्याला माहीत आहे का? असेल तर 'द'. नसेल आणि वस्तू एकच असेल तर 'अ'.

हा एवढा प्रश्न सगळीकडे पुरत नाही. नद्यांच्या नावांना 'द' लागतो, शहरांच्या नावांना सहसा लागत नाही, 'गो टू बेड'मध्ये काहीच नाही. अशा ठिकाणी नियम घोकण्यापेक्षा पूर्ण शब्दसमूहच पाठ केलेला बरा.

'अ' की 'अॅन' हे ठरवायला देवनागरी फार उपयोगी पडते. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'अॅन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, ऑनेस्ट, एमएलए: स्वर, म्हणून 'अॅन अवर', 'अॅन ऑनेस्ट मॅन', 'अॅन एमएलए'. युनिफॉर्म, युरोपियन, वन-वे: इथे 'य' आणि 'व' आहेत, म्हणून 'अ युनिफॉर्म', 'अ युरोपियन', 'अ वन-वे रोड'. रोमन अक्षरांकडे पाहून जो गोंधळ होतो तो आपल्या लिपीत उरतच नाही.

गेलो, गेलोय, गेलो होतो

माझ्या मते मराठी माणसाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो तो इथे. कारण चूक झाली तरी समोरच्याला अर्थ साधारण कळतो, मग कुणी सुधारत नाही, आणि ती वर्षानुवर्षं राहते.

'मी काल पुण्याला गेलो होतो.' अगदी साधं मराठी वाक्य. त्याचं इंग्रजी बहुतेक जण करतात 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.' 'होतो'ला 'हॅड' जोडला की झालं, असं वाटतं. पण ही दोन सहायक क्रियापदं वेगवेगळी कामं करतात. मराठीतला 'होतो' सांगतो, की गोष्ट होऊन गेली, आटोपली, मी आता तिथे नाही. इंग्रजीतला 'हॅड' सांगतो, की भूतकाळातल्या दुसऱ्या एका गोष्टीच्या आधी ही गोष्ट घडली होती. ती दुसरी गोष्ट जवळपास नसेल तर 'हॅड' अधांतरी राहतो आणि ऐकणारा वाट पाहतो, की बरं, मग पुढे काय झालं?

म्हणून 'आय वेन्ट टू पुणे यस्टरडे.' एवढंच. 'हॅड' कुठे हवा? 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' इथे दोन घटना आहेत आणि गाडी आधी सुटली: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' 'हॅड' म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं, 'कशाच्या आधी?' उत्तर नसेल तर साधा भूतकाळ.

आता 'गेलाय'. 'तो पुण्याला गेलाय' म्हणजे अजून तिकडेच आहे: 'ही हॅज गॉन टू पुणे.' 'तो पुण्याला जाऊन आलाय' म्हणजे परत आला: 'ही हॅज बिन टू पुणे.' 'गॉन' आणि 'बिन' यांतला फरक पुस्तकातून समजायला अवघड जातो, पण 'जाऊन आलाय' हे शब्द मनाशी धरले की लगेच उलगडतो. इथे मराठी आपल्याला हात देते.

पुढच्याच पावलाला ती फसवते. 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठीत चालून जातं. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' इंग्रजीत चालत नाही. 'हॅव सीन'चा संबंध आताशी असतो. 'काल', 'गेल्या वर्षी', '२०१५ साली' असा संपलेला वेळ सांगितला, की तो संबंध तुटतो आणि साधा भूतकाळ घ्यावा लागतो: 'आय सॉ हिम यस्टरडे.' वेळ न सांगता नुसतं 'पाहिलंय' असेल तर 'आय हॅव सीन हिम.'

आणि मग दवाखान्यातलं वाक्य. 'मला तीन दिवसांपासून ताप आहे.' आपण म्हणतो 'आय अॅम हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज.' या एका वाक्यात मराठीच्या तीन खुणा आहेत. 'पासून' हा आपला एकच शब्द, तो सोमवारलाही लागतो आणि तीन दिवसांनाही. इंग्रजीत यासाठी दोन शब्द आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स': 'सिन्स मंडे'. लांबी सांगायची तर 'फॉर': 'फॉर थ्री डेज'. ओळखायची कसोटी मराठीतच आहे. 'झाले' लावून बघा. 'तीन दिवस झाले ताप आहे' हे बोलतो आपण, म्हणून 'फॉर'. 'सोमवार झाला ताप आहे' असं कुणी म्हणत नाही, म्हणून 'सिन्स'. दुसरी खूण 'आहे'. मराठीत ताप कालपासून असला तरी क्रियापद वर्तमानातच राहतं. इंग्रजीला मागून आतापर्यंत पसरलेला वेळ दाखवायचा असतो, म्हणून 'हॅव हॅड'. तिसरी खूण 'हॅविंग'. ताप असणं, भाऊ असणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं या स्थिती आहेत, चालू कामं नव्हेत. त्यांना सहसा 'इंग' लागत नाही. तेव्हा 'आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज.' आणि 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' नाही, 'आय हॅव टू ब्रदर्स.' 'मला कळतंय'चं 'आय अंडरस्टँड'.

या वाक्यावर आम्ही वर्गात एक पूर्ण संध्याकाळ घालवतो. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची: किती वर्षं इथे राहतो, कधीपासून हे काम करतो, शेजारणीला किती दिवस ओळखतो. 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेल्व्ह इयर्स. आय हॅव नोन हर सिन्स २०१९.' स्वतःचे आकडे असले की लक्षात राहतात.

लहानसहान पण रोजचं

वेळेसाठी 'अॅट', 'ऑन', 'इन' कसे वापरायचे हे मराठी प्रत्ययांवरून छान लक्षात राहतं. पाच वाजता, सोमवारी, मार्चमध्ये. आपणही तीन वेगळ्या रीती वापरतोच: 'अॅट फाइव्ह', 'ऑन मंडे', 'इन मार्च'. सकाळ आणि रात्र तेवढी वेगळी पाठ करायची: 'इन द मॉर्निंग', 'अॅट नाइट'.

'ला', 'शी', 'बद्दल' यांचं शब्दाला शब्द भाषांतर करायला गेलं की फसायला होतं. 'तिला विचार' म्हणजे 'आस्क हर', मध्ये 'टू' नाही. 'त्याच्याशी लग्न केलं' म्हणजे 'मॅरिड हिम', 'विथ' नाही. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणजे 'डिस्कस्ड इट', 'अबाउट' नाही. 'घरी जा' म्हणजे 'गो होम'. ही यादी लांब आहे. क्रियापद शिकतानाच त्याच्या सोबतच्या शब्दासह शिकावं, एवढाच उपाय मला सापडलाय.

मोजण्याचं असंच आहे. मराठीत केस पांढरे होतात, पैसे संपतात, बातम्या येतात, सल्ले मिळतात, सगळं अनेकवचनी. इंग्रजीत 'हेअर', 'मनी', 'न्यूज', 'अॅडव्हाइस' एकवचनी चालतात: 'माय हेअर इज व्हाइट', 'द न्यूज इज गुड'. उलट आपला चष्मा एक, कात्री एक, पण 'माय ग्लासेस आर', 'द सिझर्स आर'. 'माहिती' आणि 'सामान' यांची मात्र आपणही अनेकवचनं करत नाही, तेव्हा 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' यांना 'स' लावायचा मोह झाला तर मराठीचा आधार घ्या.

वही

माझ्या वर्गात प्रत्येकाची एक शंभर पानी वही असते. तिच्यात नियम लिहायचे नाहीत. एका पानावर एकच चूक, स्वतःची, खरोखर झालेली. वर मराठी वाक्य, खाली जे बोललो ते, त्याखाली बरोबर वाक्य, आणि एका ओळीत कारण: मराठीतला कुठला शब्द आड आला. कारणाची ती ओळ टाळू नका. ती लिहिताना चूक नीट वाचली जाते.

मग ते पान पुन्हा उघडायचं दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी. बरोबर वाक्य हाताने झाकायचं आणि मराठीवरून म्हणून बघायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग आपण सुरुवातीलाच झपाट्याने विसरतो आणि उजळणी दिवसांत विभागून केली तर कमी कष्टांत टिकते, हे त्यांनी दाखवलं. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं मी मागते ती यासाठी. तीनही खेपांना पान बरोबर आलं तर कोपरा दुमडायचा. नाही आलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.

दुसरा सराव आठवड्यातून एकदा. पाच-सहा वाक्यांचा सोपा इंग्रजी उतारा घ्यायचा, पाठ्यपुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला. त्याचं चांगल्या मराठीत भाषांतर करायचं आणि इंग्रजी उतारा बाजूला ठेवून द्यायचा. दोन दिवसांनी आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहायचं आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचं. जिथे जिथे फरक पडला असेल तिथे थांबायचं. गळलेले 'द', जास्तीचे 'हॅड', 'सिन्स'च्या जागा, सगळं तिथे उघडं पडतं. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे शिक्षक रॉजर अॅशम याच दुहेरी भाषांतराने लॅटिन शिकवावं असं सांगत. ते गेल्यानंतर, १५७० साली, त्यांचं शिक्षणावरचं लिखाण छापलं गेलं. त्या काळी इंग्रजांना लॅटिन परकी होती, आपल्याला आज इंग्रजी आहे. रीत तीच लागू पडते.

हे लिहिताना फोनची आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. फोनने गुपचूप सुधारलेली चूक वहीत येत नाही, आणि वहीत न आलेली चूक बोलताना पुन्हा येते. लिहून झाल्यावर हवं तर त्याच्याकडून तपासून घ्या.

परवा काका वर्गात आले ते थोडे हिरमुसले होते. नातीशी बोलताना पुन्हा 'आय डिडन्ट वेन्ट' म्हणालो, असं सांगू लागले. मी विचारलं, 'मग तिने काय म्हटलं?' 'तिचं लक्षच नव्हतं,' ते म्हणाले, 'मीच थांबलो आणि म्हणालो, आय डिडन्ट गो.' मी त्यांना वहीतलं ते पान काढायला सांगितलं आणि कोपरा दुमडायला लावला. कॉर्डरनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातून त्यांची चूक पहिल्या प्रकारात आली होती. मग आम्ही 'सिन्स'चं पान उघडलं.